कात्री दोनदा का आपटायची?

नोव्हेंबर संपत आला होता. निफाड तालुक्यात मावसभावाच्या द्राक्षबागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, सुरगाण्याकडची टोळी आली होती. टोळीत यंदाच लग्न होऊन आलेली एक सून होती. तिने याआधी विरळणीची कात्री कधी हातात धरली नव्हती. मुकादमाने तिला एका जुन्या मावशींच्या शेजारची ओळ दिली आणि तो निघून गेला. समजावून वगैरे कुणी काही सांगितलं नाही.

मावशी घड डाव्या तळव्यावर तोलायच्या, मधल्या एक-दोन पाकळ्या (घडाच्या लहान फांद्या) उडवायच्या, शेंडा खुडायच्या, की पुढचा घड. पहिला तासभर सून नुसती बघत होती. मग कात्री चालवायला लागली आणि दुपारच्या भाकरीपर्यंत तिचे घड मावशींच्या घडांसारखे दिसू लागले. गंमत म्हणजे प्रत्येक घडाआधी मावशी कात्री मांडीवर दोनदा आपटायच्या, तशी तीही आपटत होती.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रात दबदबा होता तो बक्षीस-शिक्षेच्या सिद्धांताचा. स्वतः करून बघा, फळ मिळालं तर ते वागणं पक्कं होतं, फटका बसला तर सुटतं. या हिशोबाने सुनेला शिकवायचं तर भावाची निम्मी बाग कापून निघाली असती! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा आक्षेप साधारण हाच होता. 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 72 लहान मुलांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बुकललं, हातोडीने बडवलं. पुढे ही मुलं तशाच बाहुलीसोबत सोडली, तेव्हा त्यांनी तेच केलं, कित्येकदा त्याच शब्दांसकट. ना कुणी बक्षीस दिलं होतं, ना शिकवलं होतं.

मला मात्र त्यांचा 1965 चा प्रयोग जास्त आवडतो. यात मुलांना चित्रफीत दाखवली. एका गटाच्या फितीत बाहुलीला मारणाऱ्याला शेवटी खाऊ मिळाला, दुसऱ्या गटाच्या फितीत त्याला ओरडा बसला, तिसऱ्यात काहीच झालं नाही. ओरडा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं, की जे पाहिलं ते करून दाखवा, फळांचा रस आणि चिकटचित्रं देतो. आणि गटांमधला फरक पुसला गेला! म्हणजे शिकले सगळेच होते, काहींनी ते आत ठेवून दिलं होतं. घरातलं पोर चार पाहुण्यांसमोर नेमकी आपलीच शिवी हासडतं, ती त्या दिवशी शिकलेली नसते.

बंडुरांनी या शिकण्याचे चार टप्पे सांगितले: लक्ष जाणं, ध्यानात राहणं, हाताला जमणं आणि करावंसं वाटणं. यातला तिसरा टप्पा लोक विसरतात. मी तासभर मावशींकडे टक लावून पाहिलं, सगळं डोक्यात बसलं, आणि कात्री हातात घेतल्यावर पहिल्याच घडाचे पाच-सहा मणी चिरले. डोळ्यांना कळलेलं बोटांना कळायला वेळ लागतो. चौथा टप्पा तर सुनेपुढे उभाच होता: दिवसाची मजुरी नवऱ्याच्या टोळीतच मिळवायची होती, सासू दोन ओळी पलीकडे होती. (इथे कुणी तरी ‘आरसा चेतापेशीं’चं, म्हणजे एखादी क्रिया स्वतः करताना आणि दुसऱ्याने केलेली पाहतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं, नाव काढेलच. इटलीतल्या पार्मा इथे माकडांच्या मेंदूत त्या सापडल्या, हे खरं. पण माणसाचं सगळं अनुकरण त्यांच्याच खात्यावर मांडणं मला घाईचं वाटतं.)

राहिलं ते कात्री आपटणं. मी मावशींना विचारलं तर हसल्या. ‘‘अवो, माझ्या कात्रीची स्प्रिंग गेलीय. आपटल्याबिगर उघडत नाही.’’ सुनेची कात्री तर त्याच सकाळी दुकानातून आलेली होती.

हा वेडेपणा खास माणसाचा दिसतो. 2005 मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या संशोधकांनी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना खाऊची एक पेटी उघडून दाखवली, मुद्दाम मध्ये काही बिनकामाच्या क्रिया घालून. पेटी अपारदर्शक होती तेव्हा चिंपांझींनीही सगळं तसंच्या तसं केलं. पेटी पारदर्शक केल्यावर आतलं दिसलं, तसे चिंपांझी फालतू क्रिया गाळून थेट खाऊकडे गेले. मुलं मात्र सगळं दिसत असूनही अख्खा विधी पार पाडत राहिली.

चिंपांझी हुशार ठरले खरे, पण मला मुलांचं वागणं निव्वळ बावळटपणाचं वाटत नाही. मधली पाकळी का उडवायची, हे तरी सुनेला कुठे ठाऊक होतं? मण्यांना फुगायला जागा मिळते आणि घडात हवा खेळती राहते, ही कारणं तिला नंतर कळतील. पहिल्या दिवशी तिच्या लेखी पाकळी उडवणं आणि कात्री आपटणं सारखंच होतं. कारण कळेपर्यंत थांबली असती तर त्या दिवसाचा रोज बुडाला असता.

दुसऱ्या दिवशी भावाने मावशींना नवी कात्री दिली. त्यांचं आपटणं दुपारपर्यंत थांबलं. टोळी पुढच्या बागेवर गेली तेव्हा सून आपटतच होती, आणि तिच्या पलीकडच्या ओळीतली तिची नणंदही.