पृथ्वी चंद्रावर उगवतच नाही, मग तो फोटो कसला?

चंद्राच्या करड्या उजाड जमिनीमागून निळी पृथ्वी वर येतेय, तो फोटो तुम्ही नक्की बघितला असणार. पण गंमत अशी की चंद्रावर खुर्ची टाकून बसलात ना, तर पृथ्वी उगवायची वाट बघत आयुष्य जाईल. कारण चंद्राला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो (साधारण 27.3 दिवस) तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती फेरी मारतो, म्हणून त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे, आणि त्या बाजूवरून बघितलं तर पृथ्वी आकाशात एकाच जागी टांगलेली. जरा डुलते, बस. अगदी कडेच्या भागात त्या डुलण्यामुळे ती हळूहळू क्षितिजाच्या वर-खाली होते, पण त्याला काही दिवस लागतात.

मग फोटोत उगवतेय ती कशी? तर फिरत होतं यान. घाटात एसटीने वळण घेतलं की डोंगराआडचं गाव एकदम समोर येतं, गाव काही हललेलं नसतं, तसंच हे. अपोलो 8 हे तीन अमेरिकी अंतराळवीरांचं यान चंद्रापासून साधारण 110 किमी उंचीवरून दोन तासाला एक चक्कर मारत होतं, त्यामुळे मागच्या बाजूने पुढे आलं की दर चकरेला पृथ्वी वर यायचीच. तरी पहिल्या तीन चकरांत ती कोणी बघितलीच नाही, कारण खिडक्यांची तोंडं भलतीकडे होती!

24 डिसेंबर 1968, चौथी चक्कर. फ्रँक बोरमन यान स्वतःभोवती हळूहळू वळवत होता आणि बिल अँडर्स खाली चंद्राचे फोटो काढत होता, कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. तेवढ्यात त्याच्या खिडकीत पृथ्वी आली. हा ओरडला, आणि बोरमनने काय म्हणावं, तर हा फोटो प्लॅनमध्ये नाहीये, काढू नकोस! (चेष्टेत हो.) अँडर्सने एक ब्लॅक अँड व्हाइट मारला आणि मग जिम लव्हेलच्या मागे लागला, कलर फिल्म दे, लवकर दे, लवकर. फिल्म बदलली, हॅसलब्लाड कॅमेऱ्याला 250 मिमीची लेन्स होतीच, आणि तो फोटो निघाला. पुढे बरीच वर्षं बोरमन सांगायचा की पहिला फोटो माझाच. शेवटी यानातल्या बोलण्याची रेकॉर्डिंग आणि चंद्राचे नवे नकाशे जुळवून नासाने 2013 मध्ये अख्खा प्रसंग कॉम्प्युटरवर परत उभा केला, कुठल्या क्षणी कुठल्या खिडकीतून काय दिसत होतं ते सगळं, आणि अँडर्सचंच नाव पक्कं झालं.

अजून एक, अँडर्सने चंद्राचं क्षितिज उभं धरून फोटो काढला होता, पृथ्वी बाजूला. आपण बघतो तो आडवा करून छापलेला. उगवल्यासारखं वाटतं ते निम्मं त्यामुळेच, असं माझं मत.

तारे का नाहीत, हे दरवेळी कोणीतरी विचारतंच. उन्हातला चंद्र आणि पृथ्वी इतके उजळ की त्यांच्यासाठी शटर क्षणभरच उघडायचं, तेवढ्यात अंधुक तारे फिल्मवर उमटत नाहीत.

आणि भारत शोधू नका त्यात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, म्हणजे आपण काळोख्या भागात. मावळतीची रेषा आफ्रिकेवरून जात होती. मुंबईत त्या वेळी चंद्राची कोर पश्चिमेला टेकत आली होती. इथून कोर तर तिथून पृथ्वी बऱ्यापैकी भरलेली, दोघांच्या कला नेहमी एकमेकींच्या उलट.

आता चंद्रयान 3 चं विक्रम जिथे उतरलंय ती जागा दक्षिणेकडे 69 अंशांवर, तिथून पृथ्वी क्षितिजापासून साधारण 17 अंश वर, थोडं इकडेतिकडे. महिनाभरात तिच्या सगळ्या कला होतात, दिवसात एकदा भारत समोरून फिरून जातो, पण ती ना उगवते ना मावळते.