आवाज चालतो, चित्र अडखळतं

40 जीबीची फोरके फाइल लावली की आवाज सुरळीत चालतो, चित्र मात्र आचके देत सरकतं. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो : फाइल फार मोठी आहे, रॅम वाढव.

हिशेब करून पाहा. दोन तासांचा चित्रपट म्हणजे 7200 सेकंद. 40 जीबी त्यात वाटले तर सेकंदाला जेमतेम साडेपाच एमबी होतात. यूएसबी 2.0चा बरा पेनड्राइव्हही याच्या कितीतरी पट वेगाने फाइल वाचू देतो. माल वेळेवर पोचतोय, खोळंबा होतो तो गाठोडं सोडताना, म्हणजे आवळून साठवलेलं चित्र उलगडताना (डीकोडिंग).

फोरके व्हिडिओच्या एका चित्रात, म्हणजे फ्रेममध्ये, सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. अशा 60 फ्रेम पूर्णच्या पूर्ण साठवायच्या तर सेकंदाला 700 एमबीहून जास्त जागा लागेल. म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात, त्याला आय-फ्रेम म्हणतात. बाकी सगळं 'मागील पानावरून पुढे चालू'. पी-फ्रेम एवढंच सांगते : मागच्या फ्रेममधला हा चौकोन सव्वाचार पिक्सेल उजवीकडे सरकवा आणि उरलेला फरक हा घ्या. सव्वाचार हा आकडा गमतीने लिहिलेला नाही. सरकणं खरोखर पाव पिक्सेलपर्यंत मोजतात. पाव पिक्सेल अस्तित्वातच नसतो, त्यामुळे तिथला रंग आजूबाजूच्या सात-आठ पिक्सेलवरून काढावा लागतो, चौकोनामागून चौकोन. बी-फ्रेम तर पुढच्या पानावरूनही उसनं घेते. म्हणजे नंतर दिसणारी फ्रेम आधी सोडवून ठेवायची. शिवाय बिट उलगडण्याचं काम क्रमानेच होतं, कारण आधीचा बिट कळल्याशिवाय पुढच्याचा अर्थ लागत नाही. त्यामुळे एका फ्रेमचं हे काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये सहज वाटता येत नाही.

सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे एका फ्रेमचं हे सगळं 16.7 मिलिसेकंदांत उरकायचं. प्लेअर आपलं घड्याळ आवाजावर लावतो, कारण आवाज तुटलेला कानाला लगेच खटकतो. उशीर झालेली फ्रेम मग सरळ टाकून दिली जाते.

यावर उपाय म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी कोरलेला डीकोडर. इथे चिपच्या किमतीपेक्षा पिढी महत्त्वाची, कारण व्हिडिओ आवळण्याच्या पद्धती (कोडेक) वेगवेगळ्या असतात : एच.264, एचईव्हीसी, एव्ही1. रंग किती बारकाईने साठवलाय ते 8-बिट, 10-बिट सांगतात. इंटेलच्या सहाव्या पिढीला 8-बिट एचईव्हीसी जमतं, 10-बिट सातव्या पिढीपासून, एव्ही1 अकराव्यापासून. 10-बिट एच.264 मात्र बहुतेक चिपना येतच नाही.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक कोणता, किती बिटचा आणि किती फ्रेम हुकल्या ते तिथे दिसेल. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (ग्राफिक्स चिप) उघडून 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख पाहा. तो शून्यावर आणि सीपीयू शंभरीला टेकलेला असेल, तर डीकोडर झोपलाय. व्हीएलसीच्या टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे हार्डवेअर डीकोडिंग 'ऑटोमॅटिक' करा आणि फाइल पुन्हा लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही, आधी तो टाका.

व्हीएलसीचं 'फाइल कॅशिंग', म्हणजे फाइलचा पुढचा भाग आधीच वाचून ठेवण्याचा साठा, 1000 मिलिसेकंदांवरून वाढवण्याचा सल्लाही फिरत असतो. वायफायवरून फाइल चालवत असाल तर असा साठा कामी येतो, पण त्यासाठी 'नेटवर्क कॅशिंग' ही वेगळी सेटिंग आहे. हा साठा डीकोडरच्या अलीकडे असतो, त्यामुळे डीकोडर मागे पडत असेल तर काही फरक पडत नाही. रॅम साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर्स आणि डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश मारणं हे तर निव्वळ अंगारे-धुपारे. रिफ्रेशने फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात.

चिपला तो कोडेक झेपतच नसेल तर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 8-बिट एच.264, 1080पी, आरएफ (दर्जाचा आकडा) 20 ते 22 ठेवून फाइल रूपांतरित करा. जुन्या यंत्राला रात्रभर लागेल. मूळ फाइल लगेच पुसू नका, सबटायटल आणि दुसरे ऑडिओ ट्रॅक बऱ्याचदा मागे राहतात.

एकही फ्रेम हुकत नसताना चित्र अडखळत असेल तर केबल आणि पोर्ट पाहा. एचडीएमआय 1.4वरून फोरके पडद्याला 30 हर्ट्झच मिळतात. 60 फ्रेमच्या व्हिडिओतली प्रत्येक दुसरी फ्रेम तिथेच गळते.