वॉर्डन, गळकी बादली आणि खालच्या काकू

रात्रीचे साडेअकरा. गोरेगाव पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुट्टीला आलेला भाचा हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता आणि मी पाण्याची बाटली आणायला उठले. फ्रिजचं दार उघडलं मात्र, तिकडून दबका आवाज आला, "मावशी, श्श! तो ऐकेल!" तो म्हणजे कोण, तर माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर गेममधला राक्षस, वॉर्डन. माझ्या फ्रिजचा आवाज त्या राक्षसापर्यंत पोहोचणं शक्य नाही, हे भाच्यालाही पक्कं ठाऊक होतं. पण स्क्रीनवर काळोख होता, हेडफोनमधून हृदयाची धडधड बाहेर ऐकू येत होती, आणि पोरगा स्वतःच श्वास रोखून बसला होता.

हा वॉर्डन ७ जून २०२२ रोजी गेमच्या १.१९ आवृत्तीबरोबर आला. राहतो जमिनीच्या अगदी पोटात. आंधळा आहे. त्याचा जीव ५०० गुणांचा, आपला २० चा; गेमचा शेवट करणाऱ्या ड्रॅगनचासुद्धा २०० चाच. नॉर्मल पातळीवर त्याचा एक फटका ३० गुणांचा, म्हणजे अंगात चिलखत नसेल तर विषय संपला. लांब पळालात तर छातीतून आवाजाचा असा झोत सोडतो की ढाल आणि भिंत दोन्ही निरुपयोगी. बरं, मोठ्या शर्थीने मारलाच, तर हाती घबाड लागतं असंही नाही. बनवणाऱ्यांनी तो लढायला ठेवलेलाच नाही. त्याच्या हद्दीतून गपचूप जायचं आणि गपचूप यायचं.

गपचूप कसं, हा प्रश्न मला भलताच आवडला. कारण आमच्या खालच्या मजल्यावर काकू राहतात. रात्री दहानंतर आमच्याकडे कोणी जरा पाय आपटून चाललं की सकाळी लिफ्टमध्ये त्या विचारतात, "काल पाहुणे आले होते का हो?"

काकूंना आमचं बोलणं ऐकू येत नाही, टीव्हीही नाही. पावलं मात्र मोजून ऐकू येतात. त्यात त्यांच्या कानांचा दोष नाही. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, स्लॅबवर आपटतो आणि बहुतेक तिथूनच मागे फिरतो, कारण हवेचं हलकं ढकलणं काँक्रीटच्या वजनापुढे काहीच नाही. टाच थेट स्लॅबवर आपटते तेव्हा मध्ये हवा नसतेच. सगळा स्लॅब ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो आणि काकूंच्या छताचा स्पीकर होतो. शिवाय काँक्रीटमध्ये कंपनं हवेपेक्षा जवळजवळ दहापट वेगाने धावतात आणि वाटेत फारशी विरत नाहीत. म्हणून तर कोपऱ्यातल्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग सगळ्या विंगला आपल्याच भिंतीत चाललंय असं वाटतं. मजल्यांमधला हा आवाज मोजायला एक ठरलेलं यंत्र असतं: अर्धा अर्धा किलोचे पाच पोलादी हातोडे चार सेंटिमीटरवरून आळीपाळीने पडतात, सेकंदाला दहा ठोके. वर ते ठोकत ठेवायचं आणि खालच्या खोलीत माप घ्यायचं. (काकूंना हे यंत्र असतं असं मी अजून सांगितलेलं नाही.)

वॉर्डनचं जग नेमकं याच जातीच्या आवाजावर चालतं. तिथे जमिनीत स्कल्क सेन्सर उगवलेले असतात. आठ ब्लॉकच्या (गेमचं जग ज्या ठोकळ्यांनी रचलंय ते) आत कोणी चाललं, दगड फोडला, पेटी उघडली की ते फुलतात, आणि जवळच स्कल्क श्रीकर (म्हणजे किंचाळणारा) असेल तर तो किंचाळतो. तीन किंचाळ्या इशाऱ्याच्या. चौथीला वॉर्डन जमीन उकरून वर. मात्र वाकून चाललात तर पावलांचं कंपन शून्य धरलं जातं. तसंच लोकरीच्या ब्लॉकवरून किंवा गालिच्यावरून चाललात तरी शून्य.

इथे गेम फार चुकलेला नाही. पाऊल टेकताना शरीराचा जो वेग थांबवायचा असतो तो तेवढाच राहतो. प्रश्न फक्त किती वेळात थांबवायचा एवढाच असतो. टाच फरशीवर क्षणार्धात थांबते, म्हणून धक्का मोठा आणि टोकदार. गुडघे वाकवून, तळवा हळू टेकवून चाललं की तोच वेग जास्त वेळात जिरतो आणि धक्का बोथट होतो. खाली गालिचा असला की त्याचे धागे दबता दबता हेच काम करतात. आमच्या गिरगावच्या जुन्या घरी पाणी पहाटे यायचं, आणि घर जागं होऊ नये म्हणून आई नळाला फडक्याची चिंधी बांधायची. धार चिंधीवरून ओघळत बादलीत उतरायची, आपटायची नाही. पाणी तितकंच, बादली तीच, आवाज नाही.

वेगाचा हिशेब मात्र गमतीचा आहे. गेममध्ये एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. साधं चालणं सेकंदाला ४.३ मीटर, म्हणजे सुटणारी विरार फास्ट पकडणाऱ्या माणसाचा वेग. आणि दबकत चालणं १.३ मीटर, म्हणजे तुम्ही-आम्ही भाजी आणायला जातो तो वेग. सेन्सरपर्यंत पोहोचणारं कंपनही सेकंदाला फक्त २० ब्लॉक जातं. हवेतला आवाज याच्या सतरापट वेगवान असतो.

पण २० मीटर ही अगदीच थाप नाही. वाळूत काही लहरी सेकंदाला ५० मीटरच्या आसपास रेंगाळतात, आणि त्यावर पोट भरणारा एक प्राणी आहे. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातला विंचू डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. आठ पाय वाळूवर गोल पसरून बसतो. प्रत्येक पायात कंपन टिपणाऱ्या बारीक फटी असतात. किडा वाळूत हलला की लहर आधी जवळच्या पायाला लागते, मग लांबच्या. या दोन क्षणांतलं अंतर सेकंदाच्या काही हजाराव्या भागाहूनही कमी, तरी तेवढ्यावरून विंचू शिकारीची दिशा ठरवून वळतो. फिलिप ब्राउनेल यांनी १९७० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. कोकणात विंचू म्हटला की आपल्याला आधी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि लाल विंचवाच्या दंशावरचं त्यांचं काम आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण विंचवाच्या पायांनाही थोडी दाद द्यायला हरकत नाही.

लोकरीबद्दल माझं आणि भाच्याचं भांडण झालं. गेममध्ये तुम्ही आणि सेन्सर यांच्यामध्ये सरळ रेषेत लोकरीचा ब्लॉक ठेवला की कंपन अडतं. मी म्हटलं, भिंतीला गालिचा टांगून शेजारचा आवाज थांबत नाही, घुमतो तेवढा कमी होतो. तो म्हणाला, "मावशी, आपला गालिचा एक सेंटिमीटर. ब्लॉक एक मीटर जाड आहे." मला गप्प बसावं लागलं. लोकरीसारख्या सच्छिद्र वस्तूत हवेचे कण धाग्यांना घासत पुढेमागे होतात आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते; पण ती नीट जिरायला जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण पावपट तरी हवी. १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची लहर ३.४ मीटर लांब, तिचा पाव म्हणजे ८५ सेंटिमीटर. मीटरभर लोकर पुरते. तेव्हा जाडीत तो जिंकला. पण ३.४ मीटरची लहर एक मीटरच्या ठोकळ्याला बाजूने वळसा घालून सहज पलीकडे जाते, समुद्राची लाट वरळीच्या खडकाला घालते तशी. गेम फक्त सरळ रेष बघतो. इथे मी जिंकले.

मला सगळ्यात आवडला तो वॉर्डनचा राग. तो आकड्यांत मोजलेला आहे. तुमच्यामुळे झालेलं एक कंपन त्याला जाणवलं की राग ३५ ने चढतो. ८० झाला की तो तुमच्यावर धावून येतो. आणि दर सेकंदाला राग १ ने उतरतो. म्हणजे तळाला बारीक भोक असलेली बादली. वर ३५ चा तांब्या ओतला जातो, खालून थेंब थेंब गळत राहतं.

कागद घेऊन बसलो. वासाचा हिशेब बाजूला ठेवला (वॉर्डन हुंगतोही), तर दर १० सेकंदांनी एक आवाज केला की बादली ३५, ६०, ८५ अशी भरते. तिसऱ्या आवाजाला तुम्ही संपलात. १५ सेकंदांचं अंतर ठेवलं तर चौथ्याला. ३० सेकंदांचं ठेवलं तर प्रत्येक वेळी फक्त ५ शिल्लक राहतात आणि दहाव्या आवाजाला काठ गाठला जातो. आणि ३५ सेकंद? मग आयुष्यभर आवाज करत बसा, बादली भरतच नाही. ६० सेकंद काहीच जाणवलं नाही तर तो जमीन उकरून परत खाली जातो. किंचाळ्यांची मोजणीसुद्धा अशीच गळकी: दहा मिनिटं शांततेत गेली की एक इशारा वजा.

असं यंत्र आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात अब्जावधींनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लुई लापिक यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या मज्जातंतूला विजेचे झटके देऊन नेमकं हेच मांडलं. चेतापेशीचं पटल विद्युतभार साठवतं, पण ते गळकं असतं. छोटे छोटे संकेत लांब लांब आले तर गळून जातात. लागोपाठ आले तर एकावर एक साचतात, उंबरठा ओलांडला जातो आणि पेशी पेटते. तिची गळती सेकंदांत नाही, मिलिसेकंदांत होते, एवढाच फरक. काकूंचंही तेच असावं. एक पाऊल त्या सोडून देतात. चार लागोपाठ झाली की पाहुणे.

लक्ष दुसरीकडे वळवायची युक्तीही गेममध्ये आहे. बर्फाचा गोळा लांब फेकला की वॉर्डन तिकडे वळतो. मात्र लगोलग दुसरा फेकलात तर तो फेकणाऱ्याचाच माग काढतो. हे ज्याने लिहिलं त्याने कधीतरी वर्गात खडू फेकलेला असणार.

भाच्याला मी एक गोष्ट बजावून सांगितली. हे कौशल्य आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या आरेच्या झाडीत वापरायचं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपास पन्नासच्या घरात बिबटे आहेत आणि त्यांच्याबाबतीत सल्ला बरोबर उलटा आहे: अंधारात जायचंच असेल तर सोबतीने जा, टॉर्च घ्या, मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणं लावा. वॉर्डन तुम्हाला शोधत येतो. बिबट्याला तुमची गाठ नको असते, त्याला फक्त आधी कळायला हवं. दबक्या पावलांनी जाऊन त्याला दचकवलंत, तर धोका तुम्हीच ओढवून घेतलात. कोकणात रात्री बांधावरून जाताना काठी आपटत चालतात तेही यासाठीच. सापाला बाहेरचे कान नाहीत, पण जबड्याच्या हाडाला आतला कान जोडलेला असतो आणि जमिनीची थरथर तिथवर पोहोचते. इशारा मिळाला की तो वाट सोडतो.

परवा रात्री एकच्या सुमाराला स्वयंपाकघरात खुडबुड झाली. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होते. भाचा बेसनाच्या लाडवांवर डोळा ठेवून निघाला होता, गालिच्याच्या कडेकडेने, गुडघे वाकवून. सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. मग डब्याचं झाकण ओट्यावर पडलं. खण्ण. त्यानंतर पुरती शांतता. तो ओट्याशी पुतळा होऊन उभा होता आणि मनातल्या मनात पस्तीस मोजत होता, हे मला न बघता कळलं.

वीसच्या आसपास आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "दोनच घे हो. आणि तूप कडेला बोटाने पुसू नकोस, सकाळी वास येतो हाताला."