जुनं परत येतं तेव्हा चाहते का भडकतात?

लाडक्या मालिकेचा किंवा चित्रपटाचा नवा अवतार जाहीर झाला की ट्रेलर यायच्या आधीच भांडणं जुंपतात. ‘आमच्या बालपणाची वाट लावली’ इथपर्यंत मजल जाते. हे सगळं समाजमाध्यमांमुळे होतं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातल्या कथेत शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात लोटलं. वाचकांनी संतापाची पत्रं धाडली, अनेकांनी वर्गणी बंद केली. अखेर १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. लेखकाच्या मालकीचं पात्र आपलंही आहे, असं वाचकांना तेव्हाही वाटत होतं.

टीव्ही आल्यावर या आपलेपणाला कामाची जोड मिळाली. ‘डॉक्टर हू’ ही काळात मागेपुढे फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ची विज्ञानकथा मालिका १९६३ मध्ये बीबीसीवर सुरू झाली. त्या काळी चित्रफिती महाग असत, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या जात. या मालिकेचे शंभराच्या आसपास भाग असेच गेले. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. बहुतेक घरांत व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते, मालिका पुन्हा दाखवतील याची खात्री नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. १९८९ मध्ये मालिका बंद पडली. मधल्या काळात १९९६ चा एकच टीव्हीपट आला. बाकी सारी वर्षं कादंबऱ्या आणि ध्वनिनाट्यांनी तिचा दिवा तेवत ठेवला. २००५ मध्ये ती परत आणणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६ मध्ये तिच्यावर एक कादंबरी लिहिली होती.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेचंही तसंच. पत्रमोहिमेनंतर १९६८ मध्ये तिला तिसरा हंगाम मिळाला, १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबली. पुनर्प्रसारणं आणि चाहत्यांची संमेलनं यांच्या जोरावर ती जगली आणि १९७९ मध्ये मोठ्या पडद्यावर आली. पुढे १९८७ मध्ये नव्या पात्रांची मालिका आली, तेव्हा कर्क आणि स्पॉक ही मूळ मालिकेतली मुख्य पात्रं नाहीत तर हे स्टार ट्रेक कसलं, अशी कुरकुर करणाऱ्यांत जुने चाहतेच पुढे होते.

माझ्या मते भांडणाचं मूळ या मधल्या वर्षांत आहे. निर्मात्यांनी पाठ फिरवली तेव्हा ज्यांनी ती गोष्ट सांभाळली, त्यांना ती परत येताना आपल्याला विचारलं जावं असं वाटतं. कायद्याने त्यांचा काडीचाही हक्क नाही, पण मनाने ते घरचेच झालेले असतात.

घरचे असले तरी त्यांचा अंदाज दरवेळी बरोबर ठरतो असं नाही. १९८८ मध्ये विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे मायकल कीटन बॅटमन होणार म्हटल्यावर स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग लागला. पुढच्या वर्षी चित्रपट तुफान चालला. डॅनियल क्रेग यांच्या बाँडच्या वेळीही हेच झालं.

१९९७ चं प्रकरण मात्र वेगळं होतं आणि तिथे मी पूर्णपणे चाहत्यांच्या बाजूने आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलो हा तस्कर त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला टेबलाखालून गोळी घालतो. विसाव्या वर्षाच्या सुधारित आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो, समोरासमोर बसूनही त्याचा नेम चुकतो, आणि मग हान उत्तर देतो. काही सेकंदांचा बदल, पण बेरकी माणूस हळूहळू चांगुलपणाकडे वळतो हा हानचा सगळा प्रवास त्याने बोथट झाला. रिमेक आला तरी मूळ कलाकृती जागेवर राहते. इथे मूळच बदललं गेलं.

इंटरनेटने वेग दिला. एप्रिल २०१९ च्या अखेरीस आलेल्या ट्रेलरमध्ये सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या पात्राचे माणसासारखे दात पाहून लोक हादरले. दोनच दिवसांत दिग्दर्शकाने रूप बदलायचं कबूल केलं आणि चित्रपट नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला. ती तक्रार कामाबद्दल होती. २०१६ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’ या जुन्या चित्रपटाचा नवा अवतार आला तेव्हा त्यातल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री लेस्ली जोन्स यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला, त्यांना काही दिवस ट्विटर सोडावं लागलं. त्याला चाहत्यांची नाराजी म्हणणं मला मान्य नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ची १९६६ मधली एक हरवलेली कथा अॅनिमेशनच्या रूपात परत आणली. डॉक्टरचा चेहरा, म्हणजे ती भूमिका करणारा नट, पहिल्यांदा बदलल्यानंतरची, नवे डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांची ती पहिलीच कथा. चित्रं सगळी नवी होती. आवाज मात्र ट्राउटन यांचाच होता, पन्नास वर्षांपूर्वी प्रेक्षकांनी घरी टिपून ठेवलेला.