अंगणातली तोटी

घराबाहेर, भिंतीवर किंवा अंगणाच्या कडेला बसवलेला नळ. विदर्भातल्या गावांत सडा, भांडी, कपडे, ढोरांचे पाणी, परसातली वांगी-मिरची आणि वावरातून आल्यावर हातपाय धुणे, एवढा सगळा कारभार या एका नळावर चालतो. बोलताना ‘नळ’ म्हणजे घरापर्यंत आलेली पाण्याची जोडणी आणि ‘तोटी’ म्हणजे तिच्या टोकाचा फिरवायचा भाग. म्हणून ‘नळ हाय, पन तोटी नाई’ या तक्रारीत काही विसंगती नाही.

लोखंडी (जीआय) पाइपाच्या काळात तोटी बसवणे हे वेगळे काम नव्हतेच. जमिनीतून वर आलेला अर्ध्या इंची पाइप स्वतःच खांब असे. त्याच्या आट्यांवर ताग आणि सफेदा (गळती रोखणारा पांढरा लेप) लावून नळ आवळला की झाले. मग त्यावर बादली टांगा, बैलाला अंग घासू द्या, पोरांना लोंबकळू द्या. आता नव्या घरात, मग ते घरकुल असो की पदरचे पैसे घालून टाकलेला स्लॅब, नळकाम प्लास्टिकचे असते: पांढरा यूपीव्हीसी किंवा फिकट पिवळसर सीपीव्हीसी. हा पाइप गंजत नाही, हलका असतो, एकट्या माणसाला जोडता येतो. फक्त तो खांब नव्हे. अंगणातल्या तोटीची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

हिशेब सोपा आहे. १० फूट (सुमारे ३ मीटर) उंचीवरच्या टाकीचा खालच्या नळावर पडणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच्या आसपास भरतो. नळकामाचा पाइप याच्या कितीतरी पट दाब सोसतो. पण २० लिटरची भरलेली बादली तोटीच्या मानेला अडकवली, की २० किलो वजन भिंतीपासून चार बोटे पुढे लोंबते आणि ते सगळे एका एल्बोच्या, म्हणजे पाइप काटकोनात वळवणाऱ्या जोडाच्या, आट्यांवर येते. एल्बो पाण्याने फुटत नाही, ओझ्याने फुटतो. म्हणून या कामात पाइप जोडण्यापेक्षा तोटीला धरायला काहीतरी भक्कम देणे महत्त्वाचे.

त्यासाठी शेवटचा एल्बो पितळी आट्यांचा घेतात. बाहेरून प्लास्टिक, आत पितळेची आटे पाडलेली बांगडी. साध्या प्लास्टिकच्या आट्यांत पितळी तोटी आवळली तर ती पाचरीसारखी शिरते आणि एल्बो उभा चिरतो. चीर लगेच दिसतही नाही. महिन्याभराने भिंतीवर ओल येते आणि दोष प्लास्टरला दिला जातो. दोन्ही एल्बोंच्या किमतीतला फरक किरकोळ आहे, तरी दुकानात साधाच एल्बो जास्त उचलला जातो.

नव्या घरात हे काम प्लास्टरच्या आधी उरकणे बरे. भिंतीला झिरी मारून पाइप आणायचा आणि एल्बोचे तोंड पक्क्या प्लास्टरच्या पातळीत येईल असे बसवायचे. बाहेरच्या भिंतीवर प्लास्टरचे दोन थर चढतात हे विसरले तर तोंड आत बुडते आणि मग निपल (आट्यांचा छोटा पाइप-तुकडा) जोडून तोटी पुढे काढावी लागते. तोटी जितकी पुढे, तितके ओझे वाढले. एल्बोभोवती चुन्या-मातीचा थापा नको, सिमेंटचा घट्ट माल हवा. त्याच्या अलीकडे भिंतीत एक क्लँप ठोकला तर उत्तम. तोंडाला डमी (बूच) लावून पाइप पाण्याने भरून ठेवायचा आणि एक रात्र गळती पाहून मगच प्लास्टर करायचे. याच वेळी आतल्या बाजूला एक स्वतंत्र वॉल्व्ह दिला तर वायसर बदलताना अख्ख्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

सांधा चिकटवताना पाइप काटकोनात कापलेला असावा, कडेचा बुरा काढलेला असावा. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, पाव वळसा देत आत सरकवायचे आणि थोडा वेळ दाबून धरायचे, नाहीतर तो मागे सरकतो. पाणी दुसऱ्या दिवशी सोडावे. गावच्या दुकानात ‘सोल्युशन’ म्हटले की बहुधा एकच डबी पुढे येते, पण यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसीचे सोल्युशन वेगवेगळे असते; वावरातल्या पाइपलाइनच्या उरलेल्या डबीवर घराचे नळकाम करू नये. तोटीच्या आट्या आपल्याकडे करून टेफ्लॉन टेपचे ८-१० वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्यायचे, उलटे दिले तर आवळताना टेप सुटून येते. हाताने घट्ट करून वर पान्ह्याचा एखादा वळसा पुरतो. ताग-सफेद्याची जुनी सवय इथे सोडावी. तागाचा फुगारा प्लास्टिकच्या आट्यांना सोसत नाही.

तोटी भिंतीवर न घेता अंगणाच्या मधोमध किंवा गोठ्याजवळ हवी असेल तर जमिनीखालचा प्लास्टिकचा पाइप एका जागी संपवून वरचा उभा तुकडा लोखंडी घ्यावा आणि त्याभोवती काँक्रीटचा छोटा खांब ओतावा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दर ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. त्या योजनेतल्या अंगणातल्या नळांचा घाटही पुष्कळदा असाच असतो. तोटीची उंची बादलीच्या मापाने दीड फूट ठेवली तर गुंड (पाणी भरायचे मोठे भांडे) खाली मावत नाही. घरात पाणी भरणाऱ्या बाईला विचारून उंची ठरवली तर हा घोळ होत नाही. मिस्त्री सहसा मालकाला विचारतो.

जमिनीखालच्या पाइपाचा खरा वैरी पश्चिम विदर्भातली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दरवर्षीच्या या हालचालीत पाइप ओढला जातो. सांधा नेमका भिंतीजवळ सुटतो, कारण भिंत जागची हलत नाही आणि माती हलते. चर खणून पाइप थेट मातीत टाकण्याऐवजी खाली-वर मुरूम किंवा वाळू घालावी, आणि भिंतीतून जाताना पाइपाभोवती मोठ्या पाइपाचा तुकडा बाहीसारखा ठेवावा. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातल्या हलक्या मातीत हा त्रास कमी.

उघड्यावरच्या पाइपाला ऊन खाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हातला पाइप त्याहून तापतो. १० मीटर लांबीचा पाइप ३० अंशांच्या फरकाने दीड-दोन सेंटिमीटर लांबतो, त्यामुळे तो भिंतीला जखडून न टाकता सैल क्लँपात ठेवावा. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो पांढुरका, भुसभुशीत होतो आणि बादलीच्या एका धक्क्याला तुटतो. पाण्यात कालवायचा पांढरा रंग दिला तर आयुष्य वाढते. ऑइल पेंट मात्र सीपीव्हीसीला चालत नाही. मेच्या दुपारी या तोटीला पहिले पाणी चटका देणारे येते, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही.

एक धोका मात्र गावातही फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तोटीला लावलेल्या रबरी नळीचे दुसरे टोक ढोरांच्या टाक्यात किंवा औषधाच्या ड्रमात बुडलेले असताना वरचा पुरवठा बंद पडला, तर पाइपातले पाणी मागे ओढले जाते आणि सोबत ड्रममधलेही येते. गावात पाणी ठरावीक वेळी येते, त्यामुळे ही वेळ रोजच येऊ शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा हातमोजे-मास्कची झाली. त्या विषबाधेचा नळाशी संबंध नव्हता, पण फवारणीचे द्रावण जिथे कालवले जाते ती जागा पुष्कळदा हीच अंगणातली तोटी असते. नळीचे टोक ड्रमाच्या काठापेक्षा वर ठेवणे हा फुकटचा उपाय. तोटीच्या अलीकडे पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवणे थोड्या पैशांचा.

तोटी कशाची घ्यावी याला एकच उत्तर नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी पितळेवर पांढरे थर चढवते, तिथे पीटीएमटीची प्लास्टिक तोटी परवडते. गोड्या पाण्याच्या गावात जड पितळी तोटीच बरी, मात्र ती चोरीला जाते.

खालच्या सांडपाण्याचा विचार बहुधा चिखल झाल्यावर होतो. शोषखड्डा मुरमाड जमिनीत छान चालतो, पण काळ्या मातीत पावसाळाभर तुंबून राहतो आणि डासांची सोय करतो. तिथे ओट्याला उतार देऊन पाणी केळी-अळूच्या वाफ्याकडे काढतात.