इंजिन बिघडलं तरी वैमानिक घाई का करत नाहीत

जेट विमान उडताच एक इंजिन निकामी झालं, तर वैमानिक ते लगेच बंद करत नाहीत. आधी विमान काबूत ठेवून साधारण ४०० फूट उंची गाठायची. मग एकाने त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा आणि दुसऱ्याने पाहून ‘कन्फर्म’ म्हटल्यावरच तो ओढायचा. या शिस्तीमागे काही जीवघेणे अपघात आहेत.

इंजिनावर विश्वास बसायलाच बराच काळ गेला. १९५३ पासून अमेरिकेत दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून ६० मिनिटांपलीकडे जाता येत नसे. १९८५ मध्ये ही मुभा १२० मिनिटांवर गेली, १९८८ मध्ये १८० वर. यंत्र भरवशाचं झालं, तशी कॉकपिटमधल्या निर्णयांची चिंता वाढली.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलँड या विमान कंपनीचं बोइंग ७३७-४०० लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालं होतं. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरलं, धुराचा वास आला. वैमानिकांनी उजव्या इंजिनाची ताकद कमी केली आणि थरथर कमी झाली. खरं तर ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप जुळवणारी यंत्रणा, बंद झाल्यामुळे डाव्या इंजिनात जाणारं जादा इंधन थांबलं होतं, म्हणून ते तात्पुरतं शांत झालं. पण निदान बरोबर ठरलं असं वाटून त्यांनी चांगलं असलेलं उजवं इंजिनच बंद केलं. कंपन दाखवणारे काटे लहान होते, आणि जुन्या विमानांवरच्या अनुभवामुळे त्यांच्यावर फारशी भिस्तही नव्हती. या नव्या मॉडेलचा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवर सरावासाठीचं नकली कॉकपिट, ब्रिटनमध्ये नव्हता.

मला सर्वात अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा मागच्या प्रवाशांना आणि काही कर्मचाऱ्यांना दिसल्या होत्या. उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणाही प्रवाशांनी ऐकली. पण ही विसंगती कॉकपिटपर्यंत कुणीच पोहोचवली नाही. तातडीने उतरण्यासाठी ईस्ट मिडलँड्स विमानतळाच्या धावपट्टीजवळ येताना डावं इंजिन पूर्ण बंद पडलं आणि केगवर्थ गावाजवळ विमान महामार्गाच्या भरावावर आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले.

चौकशी अहवालाने कॉकपिट आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या एकत्र प्रशिक्षणावर भर दिला. पुढे या अपघाताच्या अभ्यासातून धडकेपूर्वी कसं वाकून बसायचं याच्या सूचनाही बदलल्या.

४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए३८० विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं आणि अनेक यंत्रणा तुटल्या. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि कॉकपिटमधल्या इतर वैमानिकांनी घिरट्या घालत एकेक इशारा तपासला आणि सुमारे दोन तासांनी विमान सिंगापूरच्याच चांगी विमानतळावर उतरवलं. ४६९ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही.

तरी २०१५ च्या फेब्रुवारीत तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एका टर्बोप्रॉप (पंख्यावर चालणाऱ्या) विमानात पुन्हा चालू इंजिनच बंद केलं गेलं आणि ४३ जण दगावले. वैमानिकांच्या सिम्युलेटर चाचणीत इंजिन निकामी होण्याचा प्रसंग आजही पुन्हा पुन्हा घेतला जातो, तो यासाठीच.