हरवलेली माणसं शोधून काढणारी अतींद्रिय शक्तीवाली पोरं: ही गोष्ट आली कुठून?

साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, अंगावर वीज पडते किंवा ॲक्सिडेंटनंतर कोमातून बाहेर येते, आणि एका सकाळी उठल्या उठल्या तिला माहीत असतं की पोस्टरवरचा तो हरवलेला मुलगा आत्ता कुठल्या शहरात, कुठल्या घरात आहे. ती फोन करते, पोलीस आधी हसतात, मग जाऊन बघतात तर मुलगा खरंच तिथे. मग काय, पत्रकार मागे, सरकारी सूटबूटवाले मागे, आणि शाळेत सगळे टकामका बघणारे. टीनएज कादंबऱ्या, सिरियल, कॉमिक्स, सगळीकडे हे इतक्यांदा येऊन गेलंय की कुणा एका लेखकाच्या डोक्यातून निघालं असेल असं वाटतं. पण याचे धागे चार-पाच ठिकाणांहून आलेत आणि त्यातले बरेचसे खरे प्रसंग आहेत. खरे म्हणजे घडलेले, शक्ती खरी होती असं मी म्हणत नाहीये.

सगळ्यात जुना धागा म्हणजे बघणारं पोरच हवं हा हट्ट. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक भाषेतल्या जुन्या जादूच्या पोथ्यांमध्ये दिव्याकडे किंवा पाण्याच्या भांड्याकडे बघायला लहान मुलगा बसवायचे विधी आहेत. कारण साधं होतं, मूल निरागस, त्याला खोटं बोलायचं कारण काय? हा युक्तिवाद पुढे हजारो वर्षं तसाच चालत राहिला आणि आजच्या सिरियलमध्ये पण तोच चालतो.

याचं सगळ्यात भारी वर्णन एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकानं कैरोमधल्या लोकजीवनावरच्या त्याच्या १८३६ च्या पुस्तकात केलंय. एक जादूगार आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तळहातावर चौकोन काढतो, मधोमध शाईचा थेंब सोडतो, धूप जाळतो आणि मुलाला शाईत बघायला सांगतो. मुलाला आधी झाडू मारणारा माणूस दिसतो, मग झेंडे, मग सुलतान, आणि मग प्रेक्षकांनी ज्याचं नाव सांगावं तो माणूस हजर! लेननं नाव दिलं ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरल नेल्सनचं, जे त्या मुलाला धड उच्चारता पण आलं नसणार. मुलगा म्हणाला, काळ्या युरोपियन कपड्यातला माणूस आहे, त्याला डावा हात नाही. मग जरा निरखून म्हणाला, नाही नाही, हात आहे पण छातीवर ठेवलाय. नेल्सनची रिकामी बाही खरंच छातीवर अडकवलेली असायची, त्यामुळे लेन चाट पडला. फक्त एक घोळ होता, नेल्सननं गमावलेला हात उजवा. लेननं आपली शंका न सांगता जादूगाराला विचारलं, की शाईत दिसतं ते समोर असल्यासारखं दिसतं की आरशासारखं? जादूगार म्हणाला आरशासारखं. झालं, उत्तर बिनचूक ठरलं! पुढे लेनला स्वतःलाच संशय आला की मधला दुभाषा नकळत प्रश्नांमधूनच उत्तरं पुरवत असावा.

हा नेल्सनच्या हाताचा किस्सा लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोनशे वर्षांत वेगळं काही घडलेलंच नाही. आधी धूसर वर्णन, मग खरी माहिती, आणि मग दोघांचा सांधा जुळवून द्यायला कुणीतरी भला माणूस.

आता हरवलेला माणूस या गोष्टीत शिरतो कधी? तर ३१ मार्च १८४८ ला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं हाइड्सव्हिल नावाचं खेडं, फॉक्स कुटुंबाचं भाड्याचं घर आणि दोन मुली, मॅगी चौदा-पंधराची आणि केट अकरा-बाराची. रात्री टकटक आवाज यायचे, मुली प्रश्न विचारायच्या आणि टकटकीतून उत्तर यायचं. या दोघींची आठवण अध्यात्मवादाच्या, म्हणजे मेलेल्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्या चळवळीच्या सुरुवातीसाठी काढतात, जे बरोबरच आहे, पण त्या टकटकीनं सांगितलेली गोष्ट काय होती हे फारसं कुणी बोलत नाही. ती चक्क एका बेपत्ता माणसाची केस होती. एक फेरीवाला पाच वर्षांपूर्वी या घरात आला, त्याचा खून झाला आणि तो तळघरात पुरलाय. शेजारीपाजारी फावडी घेऊन तळघरात उतरले, खणलं तर पाणी लागलं, उन्हाळ्यात परत खणलं तर थोडे केस आणि हाडांचे तुकडे मिळाले म्हणे. असा कुठला फेरीवाला खरंच बेपत्ता होता हे कधी सिद्ध झालं नाही, पण त्या घरात आधी राहिलेल्या माणसावर बोटं रोखली गेली आणि त्या बिचाऱ्याला आपण सज्जन आहोत म्हणून लोकांच्या सह्या गोळा करत फिरावं लागलं. १८८८ मध्ये मॅगीनं न्यूयॉर्कमध्ये भरल्या सभागृहात सांगितलं की आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढायचो, आणि स्टेजवर करून दाखवलं. वर्षभरानंतर तिनं ते विधान मागे घेतलं, पण तोपर्यंत तिच्या टकटकीवर आख्खा धर्म उभा राहिला होता.

म्हणजे टीनएज मुलगी, दुसऱ्या जगाशी कनेक्शन आणि बेपत्ता माणसाचा छडा हे सगळं पहिल्याच मोठ्या प्रकरणात एकत्र आलेलं होतं. आणि निष्पाप माणसावर संशय येणं पण!

पुढची जवळजवळ शंभर वर्षं मात्र हे काम मोठ्या माणसांनी बळकावलं. हरवलेल्या माणसाची वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यावरून माणूस सांगायचा ही रीत तेव्हा रुळली, जी आजही सिनेमात स्वेटर नाहीतर टेडी बेअर घेऊन चालते. डिसेंबर १९२६ मध्ये रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती गायब झाल्या तेव्हा आर्थर कॉनन डॉयलनं, होय शेरलॉकवाल्यानंच, त्यांचा हातमोजा मिळवून होरेस लीफ या माध्यमाला, म्हणजे मेलेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या माणसाला दिला. लीफ म्हणाला बाई जिवंत आहेत आणि बुधवारी कळेल. ख्रिस्ती ११ दिवसांनी इंग्लंडमधल्याच हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या, बातमी बुधवारच्या पेपरात आली, डॉयल खूश. पण ओळखलं होतं हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी, आणि हॅरोगेट हे नाव लीफच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

या मोठ्यांमधला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे नेदरलँड्सचा गेरार्ड क्रोइझे. उट्रेख्त विद्यापीठातले परामानसशास्त्राचे (म्हणजे अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासाचे) प्राध्यापक टेनहाफ त्याच्या पाठीशी होते, त्यामुळे त्याला एक अकॅडमिक वजन मिळालं. १९७६ मध्ये जपानमध्ये टीव्हीवर एका हरवलेल्या मुलीबद्दल त्यानं धरणाच्या पाण्याचा उल्लेख केला आणि तिचा मृतदेह तिथे सापडला, हे त्याचे चाहते नेहमी सांगतात. ते सांगत नाहीत ती गोष्ट ॲडलेडची. २६ जानेवारी १९६६ ला ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या ग्लेनेल्गच्या समुद्रकिनाऱ्यावरून तीन भावंडं गायब झाली, नऊ, सात आणि चार वर्षांची. आख्खा देश हादरला. नोव्हेंबरमध्ये क्रोइझेला बोलावलं, विमानतळावर पत्रकारांची झुंबड, आणि रोज त्याचं म्हणणं थोडं थोडं बदलत गेलं. शेवटी त्यानं एका गोदामावर बोट ठेवलं, जिथे मुलं गायब झाली तेव्हा बांधकाम चालू होतं, म्हणाला नव्या काँक्रीटखाली आहेत. मालक फोडू देईनात, लोकांनी वर्गणी काढून सुमारे ४०,००० डॉलर जमवले, फरशी फोडली, काहीच नाही. तीस वर्षांनी १९९६ मध्ये ती इमारत पाडायला घेतली तेव्हा परत खणलं, तेव्हाही काहीच नाही. मुलं आजतागायत सापडलेली नाहीत. पुढे डच पत्रकार पीट हाइन हूबेन्सनं टेनहाफचे रिपोर्ट तपासले, तेव्हा प्राध्यापक महाशयांनीच बऱ्याच गोष्टी फिरवून, सजवून लिहिल्याचं बाहेर आलं. परत तोच भला माणूस, सांधा जुळवणारा!

लॉस एंजेलिस पोलिसांनी १९७९ मध्ये रीतसर चाचणीच घेतली. १२ अतींद्रियवाले बसवले, गुन्ह्यातल्या वस्तू हातात दिल्या, आणि तपासाला उपयोगी पडेल असं हाती काही लागलं नाही.

मग हे मोठ्यांकडून परत पोरांच्या हातात कसं आलं? माझ्या मते त्याला १९७० आणि ८० ची अमेरिका जबाबदार आहे. एकीकडे घरातल्या वस्तू आपोआप उडायच्या प्रकरणांमध्ये जवळपास दरवेळी घरात एक वयात येणारं पोर असायचं, त्यावरून किशोरवयीन मनात दबलेली ताकद असते ही थिअरी पॉप्युलर झाली होती. (वस्तू फेकायला घरात एक चिडलेलं पोर असणं पुरेसं असतं हे वेगळं सांगायला नको.) दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत १९७२ पासून सरकारी पैशावर बसल्या जागेवरून दूरचं बघण्याचे प्रयोग चालू झाले, जे नंतर स्टारगेट नावानं ओळखले गेले आणि सुमारे २ कोटी डॉलर खाऊन १९९५ मध्ये बंद झाले. गोष्टींमधले ते सूटबूटवाले, जे मुलीला तळावर नेऊन आमच्यासाठी काम कर म्हणतात, ते सरळ इथून आलेत. आणि १९७९ ते १९८३ मध्ये सेंट लुईसमधल्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये दोन तरुण पोरांनी मनाच्या ताकदीनं चमचे वाकवतोय असं दाखवून शास्त्रज्ञांना थक्क केलं. ती दोघं नवशिकी जादूगार होती, असल्या दाव्यांची पोल खोलणाऱ्या जेम्स रँडी या जादूगारानं मुद्दाम पाठवलेली. निरागस चेहऱ्याचा युक्तिवाद किती पोकळ आहे याचा याहून चांगला नमुना मिळायचा नाही, पण कादंबऱ्यांनी यातून काही शिकलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे दुधाचे खोके. २५ मे १९७९ ला न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसपर्यंत निघाला आणि पोचलाच नाही. मग १९८१ मध्ये फ्लोरिडात आणखी एक मुलगा, आणि १९८२ आणि १९८४ मध्ये आयोवात घरोघर पेपर टाकणारी दोन मुलं. १९८४ मध्येच हरवलेल्या मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र आणि त्याचा टोल फ्री नंबर सुरू झाला, आणि त्याच वर्षी आयोवातल्या एका डेअरीनं खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापले. थोड्याच महिन्यांत हे देशभर पसरलं. विचार करा, एक आख्खी पिढी रोज सकाळी नाश्त्याला आपल्याच वयाच्या गायब झालेल्या मुलाच्या चेहऱ्यासमोर बसत होती आणि खाली लिहिलेलं असायचं, याला पाहिलंत का? मुलं घाबरतायत म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि दशक संपेपर्यंत ते बंदही पडलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. त्या खोक्याकडे बघणाऱ्या मुलाला मनातून काय वाटणार, की मला माहीत असतं तर! अतींद्रिय मुलीची गोष्ट म्हणजे त्या 'माहीत असतं तर'चंच उत्तर आहे. फोटो आणि टोल फ्री नंबर दोन्ही आयते होते, फक्त पत्ता हवा होता.

त्याच काळात द डेन्व्हर पोस्ट या वर्तमानपत्रानं या सगळ्याची चिकित्सा केली आणि त्यासाठी त्यांना १९८६ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं बक्षीस मिळालं. त्यांनी दाखवलं की बेपत्ता म्हणून मोजली जाणारी बहुतेक मुलं एकतर आईबापांच्या ताब्याच्या भांडणात एकानं नेलेली असतात किंवा स्वतःहून घर सोडून पळालेली असतात. या साच्यातल्या चांगल्या गोष्टी इथेच चांगल्या होतात. मुलगी पत्ता सांगते, पोलीस जातात आणि कळतं की त्या मुलाला सापडायचंच नव्हतं, तो कुणाच्या तरी माराला भिऊन पळाला होता. हा ट्विस्ट मला सगळ्या टेलिपथी-बिलिपथीपेक्षा भारी वाटतो, कारण इथे शक्ती शंभर टक्के खरी मानली तरी प्रश्न उरतोच.

खऱ्या जगात मात्र पत्ता कधीच येत नाही. पाण्याजवळ, झाडं आहेत, सात आकडा दिसतोय, असलंच. आणि ठाम बोललं की काय होतं तेही झालेलं आहे. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे म्हणणाऱ्या सिल्व्हिया ब्राउन या अमेरिकन बाईनं २००४ मध्ये टीव्हीवर क्लीव्हलँडच्या एका आईला सांगितलं की तुझी मुलगी जिवंत नाही. ती आई २००६ मध्ये गेली. मुलगी मे २०१३ मध्ये शेजाऱ्यांच्या मदतीनं दार फोडून कैदेतून जिवंत बाहेर आली. त्याआधी २००३ मध्ये याच बाईनं मिसुरीतल्या एका बेपत्ता मुलाच्या आईबापांना सांगितलं होतं की मुलगा गेला, जंगलात दोन मोठ्या खडकांपाशी बघा, आणि नेणारा सावळा, लांब जटावाला होता.

तो मुलगा जानेवारी २००७ मध्ये जिवंत सापडला, नेणारा गोरा आणि आखूड केसांचा निघाला. आणि ती केस सोडवली कुणी, तर एका टीनएजरनंच. त्याच माणसानं आणखी एक मुलगा पळवला तेव्हा त्या मुलाच्या पंधरा वर्षांच्या मित्रानं तिथून गेलेला पांढरा पिकअप ट्रक पाहिला होता, आणि पोलिसांनी विचारल्यावर त्यानं तो ट्रक गंजासकट नीट सांगितला. चार दिवसांत दोन पोलिसांना भलत्याच कामाला गेलेले असताना एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तसाच ट्रक दिसला, आणि ट्रकवाल्याच्या घरातून एक नाही, दोन मुलं बाहेर आली.